आईस्क्रीमचा डबा खालच्या कप्प्यात

१

"आत्या, आमच्या फ्रिजमधून आईस्क्रीमचा डबा चोरीला गेला!"

भाचेसून दारात उभी होती. खांद्याला ऑफिसची पर्स तशीच, पायात चपला तशाच, आणि चेहरा असा, की डबा नव्हे, घरंच्या घरं वाहून गेली असावीत.

आत्या चहाच्या तयारीत होत्या. त्यांचा फ्रिज बुटका, एकट्या माणसापुरता. त्यात आज सकाळपासून वहिनींचा, म्हणजे हिच्या सासूबाईंचा, स्टीलचा मोठा डबा ठाण मांडून बसला होता. वहिनी वरच्या मजल्यावरून तो घेऊन आल्या होत्या. "वन्सं, पीठ मळून ठेवलंय. आमच्या फ्रिजात बोट शिरायला जागा नाही. उघडू नका हं, वारं लागतं," एवढं बोलून, चहाला नको म्हणून, जिन्यावरून पळाल्याही होत्या. तेव्हापासून दूध काढायचं म्हणजे आधी तो डबा खुळखुळवत बाजूला सारा, मग वाटी सारा, मग दूध. आत्यांनी हातातलं दुधाचं भांडं परत आत ढकललं आणि दार गुडघ्याने लावलं. चोरी म्हटल्यावर त्यांना चहा सुचत नसे.

नोकरीची सगळी वर्षं आत्यांनी बसस्थानकावर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे काढली होती. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर नवरदेवाचे बूट त्यांनी मालकाच्या हवाली केले होते. निवृत्त झाल्या, पण खिडकी काही सुटली नाही. इमारतीत कुणाची चप्पल दिसेनाशी झाली की लोक आधी आत्यांकडे येत आणि मग पलंगाखाली बघत.

"वस्तू हरवत नसते," आत्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या. "ती कुठेतरी सुखात असते. हरवतो तो माणूस. बस. कुठला स्वाद?"

"अं?"

"आईस्क्रीमचा."

"व्हॅनिला. नाही, स्ट्रॉबेरी असेल."

ज्या आईस्क्रीमसाठी डोळ्यांत पाणी येतं त्याचा स्वाद माहीत नाही! आत्यांनी नाकावरचा चष्मा वर केला.

"किती उरलं होतं?"

"एकच," भाचेसून म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे... थोडंसं. पण आत्या, आठच्या आत सापडायला हवं हो. आणि आईबाबांना कळता कामा नये की मी इतकी... तुम्ही आपलं सहज आल्यासारखं करा."

आत्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि जिना चढू लागल्या. आईस्क्रीम वितळतं, सांडतं, भाऊ चोरून खातो. पण ते "एकच" कसं उरतं?

२

वरच्या घरात दादा चष्मा पुसत बसले होते आणि वहिनी शिलाई मशीनवर होत्या. वहिनींनी गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवले होते. त्यांचं मशीन थांबलं की लोकांना घड्याळ बंद पडल्यासारखं वाटे. आत्ताही ते धडधडत होतं. पण सुईत दोराच नव्हता.

आत्यांना पाहून दोघंही ताडकन उभे राहिले.

"वन्सं! तुम्ही इथे?"

"सहज आले."

"आणि घर?"

"कुलूप लावून आले."

"कुलूप!" दादा असे काही म्हणाले, की कुलूप ही आजवर न ऐकलेली वस्तू असावी. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि वहिनी बिनदोऱ्याच्या सुईकडे पाहत बसल्या.

आत्या भाचेसुनेला घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या आणि फ्रिज उघडला. आत चार वाट्या आणि एक कोबी. एवढी मोकळी जागा, की एखादा सडपातळ पाहुणा मुक्कामाला ठेवता आला असता. लोण्याच्या तुकड्यात सुरी मुठीपर्यंत रुतलेली होती. आत्यांनी ओढून पाहिली. लोणी दगडासारखं घट्ट, सुरी हलेना. वरच्या फ्रीजरमध्ये मटारची पिशवी होती. सुटे मटार कसे हाताला खुळखुळतात, यांची एकच वीट झाली होती. फ्रिजखालची फरशी मात्र लख्ख पुसलेली.

"डबा कुठे होता?"

भाचेसुनेने खालच्या कप्प्यात, मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"खाली? आईस्क्रीम फ्रीजरमध्ये नाही ठेवलंस?"

भाचेसून कोबी उगाच इकडचा तिकडे सरकवू लागली.

आत्या तिच्या कानाशी पुटपुटल्या, "हे बघ, मला वहिनींचीच शंका येतेय."

"माझी कशाला येते?" बाहेरच्या खोलीतून वहिनींचा आवाज आला. "मला आईस्क्रीमने दात शिवशिवतात!"

या वयात वहिनींचे कान असे! आत्यांच्या आदरात भर पडली आणि संशयातही.

३

आत्यांनी दादांना बाल्कनीत गाठलं. दादांना मधुमेह होता आणि गोडाची ओढही. ही जोडी कशी ती साऱ्या घराला ठाऊक होती.

"दादा, खरं सांग. खाल्लंस?"

"तुझी शपथ, चिमे! मी तर फक्त एकदा उघडून..." दादा थांबले.

"उघडून काय?"

"झाकण लावलं."

"तू? आईस्क्रीमवर? झाकण लावलंस?"

"माणूस सुधारतो," दादा दुखावल्या आवाजात म्हणाले. मग एकदम कान टवकारले. "चिमे, तुझ्या घरातून पाण्याचा आवाज येतोय बघ. नळ चालू राहिला वाटतं. किल्ली दे, मी बघून येतो."

"तुझे गुडघे जिना उतरतात का? गप बस."

आत्या आत वळतात तोच वहिनी आडव्या आल्या. "वन्सं, तुमच्या घरातून जळका वास येतोय. गॅसवर काही ठेवलंत का? पळा, पळा!"

"दादा म्हणतो पाणी वाहतंय, तुम्ही म्हणता आग लागली," आत्या म्हणाल्या. "मग काळजी कसली? आपोआप विझेल."

वहिनी पुन्हा बिनदोऱ्याच्या मशीनवर जाऊन बसल्या. दोघांना आपल्याला इथून कटवायचं आहे, हे आत्यांनी ताडलं. तपास बरोबर वाटेवर असला की माणसं असंच करतात. आता तर आग लागो नाहीतर पूर येवो, आत्या इथून हलणार नव्हत्या.

एवढ्यात भाचा ऑफिसातून आला. वाळलेल्या अंगावर घोळदार विजार, हातात बूट आणि कपाळावर आठ्या. बायकोने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मटकन सोफ्यावर बसला.

"काय हरवलंय ठाऊक आहे का रे?" आत्यांनी विचारलं.

"आईस्क्रीमचा डबा."

"खाल्लास?"

"मी टाकला असेन. कचऱ्यात. चुकून. हो, मीच टाकला!" भाचा घाईघाईने म्हणाला.

आत्यांनी आयुष्यात खोटे मालक पुष्कळ पाहिले होते. एका छत्रीला चार-चार येत. पण गुन्ह्याला इतका हौशी मालक पहिल्यांदाच आला होता. कशाचं तरी खापर आपल्या डोक्यावर घ्यायची या मुलाला सवय लागलेली दिसत होती.

"कधी टाकलास?"

"सकाळी."

"सकाळी होता. मी निघताना बघून गेले होते," भाचेसून म्हणाली. मग नवऱ्याला हळूच, पण आत्यांच्या कानांना पुरेल इतक्या आवाजात म्हणाली, "क्लिनिकमध्ये फोन केला मी. दुसरं उद्या मिळेल म्हणतात. उद्याचा काय उपयोग?"

४

आत्यांनी तिचा हात धरला, तिला स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडून ठेवला. वहिनींच्या कानांवर तेवढाच इलाज होता.

"आता ऐक. तुझ्या आईस्क्रीमला थंड हवं, पण गोठलेलं चालत नाही. ते वाटीने उरत नाही, नगाने उरतं. ठरल्या वेळेला लागतं. आणि क्लिनिकमध्ये मिळतं. सुया टोचून घेतेस ना? मुलासाठी?"

भाचेसून ओट्याला टेकली. इतके महिने बांधून ठेवलेलं बोलणं एकदम बाहेर आलं. आधी गोळ्या झाल्या. मग क्लिनिकमध्ये नळीने करायचा तो प्रकार झाला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आता टेस्ट ट्यूब बेबीची पाळी. रोज रात्री आठला पोटात सुई, सतत रक्ततपासण्या, सोनोग्राफी, आणि ऑफिसात दातांचं दुखणं सांगून रजा. आजचं इंजेक्शन शेवटचं. ते ठरल्या वेळी गेलं तर परवा सकाळी बीजं काढता येणार. नाही गेलं तर सगळ्या सुया, सगळे दिवस पाण्यात.

"आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बळ नाही हो माझ्यात. त्याच्यातही नाही. त्याला वाटतं दोष त्याचा, मला वाटतं माझा. डॉक्टर म्हणतात दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत, कारणच सापडत नाही."

"कारण सापडत नाही?" आत्या फणकारल्या. "मग तपास अर्धवट आहे म्हणावं."

रडता रडता भाचेसुनेला हसू आलं.

"घरात का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? आई तर... आत्या, रोज आठ वाजता आम्ही खोलीचं दार लावतो, तो सुई हातात घेतो, त्याचा हात थरथरतो, मला रडू येतं. आणि नेमकं तेव्हाच आई टीव्हीचा आवाज मोठा करतात. इतका मोठा की भिंत हलते. आत काय चाललंय याचं त्यांना काही म्हणजे काही नाही."

आत्यांनाही मूल नव्हतं. त्यांच्या वेळी तपासणी फक्त बाईची होई, आणि तीही शेजारणींच्या तोंडून. नवरा भला होता, पण डॉक्टरचं नाव काढलं की त्याला ऑफिसातलं काम आठवे. अनोळखी माणसांच्या वस्तू शोधण्यात आत्यांनी जन्म घालवला आणि त्यांचं स्वतःचं काय राहून गेलं ते विचारायला त्या खिडकीशी कुणी आलं नाही. त्याचं दुःख जुनं होतं, पण होतं. आत्ता या मुलीचं पाहून ते पुन्हा ठणकलं.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "आठला अजून अवकाश आहे."

त्यांनी नळ बंद केला. आणि बंद करता करता हात तसाच राहिला.

टीव्हीचा आवाज भिंत हलेल इतका मोठा. कोण करतं? जिला बाहेरच्या खोलीत बसून कानातली कुजबुज ऐकू येते ती बाई! तिला कशाला लागतो मोठा आवाज?

मग बाकीचं आपोआप ओळीने आलं. रुतलेली सुरी, मटारची वीट, पुसलेली फरशी. रिकामा फ्रिज. आग. पूर. आत्यांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना दरदरून घाम फुटला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "चोर मीच की!"

५

आत्या खाली जाऊन आल्या. या वेळी वहिनींनी आग सांगितली नाही की दादांनी पाणी. दोघंही मशीनजवळ, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे उभे होते. आत्यांनी स्टीलचा डबा मधल्या टेबलावर ठेवला.

"वहिनी, पीठ खुळखुळायला कधीपासून लागलं?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आत्यांनी झाकण काढलं. आत जाड टॉवेल, टॉवेलात आईस्क्रीमचा डबा, आणि त्यात बारकंसं खोकं. भाचेसुनेने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं आणि ती सासूकडे बघतच राहिली.

"सकाळी तुम्ही दोघं कामावर गेलात आणि हा फ्रिज बंद पडला," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खिडकीमागचा झाला होता. "लोणी मऊ झालं, सुरी आपल्या वजनाने खाली गेली. मटारांवरचा बर्फ वितळला आणि ते एकमेकांना चिकटले. पाणी सांडलं ते कुणीतरी पुसलं. मग फ्रिज चालू झाला आणि सगळं जिथल्या तिथे थिजलं. पण मधल्या वेळेत घरातली एकच वस्तू कुणालातरी वाचवावीशी वाटली. दूध नाही, लोणी नाही. जे वरच्या कप्प्यातसुद्धा नव्हतं ते आईस्क्रीम! आणि ती माझ्याकडे पोचवली, जागा नाही म्हणून. या फ्रिजात तर मी स्वतः राहायला येऊ शकते. वहिनी, अहो, चोरी करायची तर नीट करावी. बरोबर तो कोबी तरी आणायचात!"

"सुचलंच नाही हो," वहिनी म्हणाल्या. "धाबं दणाणलं माझं. फ्रिज बंद दिसला आणि मी थेट त्या डब्यावर झेप घेतली. तर तिथे यांचा हात आधीच!"

"तोवर मला वाटत होतं फक्त मलाच ठाऊक आहे," दादा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं बाबा?" भाच्याने विचारलं.

दादांनी आढ्याकडे पाहिलं. "एका रात्री... जरा उकडत होतं. म्हटलं चमचाभर. उघडलं तर आत सुया. सांगणार कुणाला? सुयांचं सांगायचं तर चमच्याचंही सांगावं लागलं असतं."

"आणि आई, तुम्ही?" भाचेसुनेने विचारलं.

वहिनी मशीनच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "तुझे ड्रेस मी शिवते, बाळा. बाजू उसवून देते आहे किती दिवस. पोटाशी तंग होतात, पण तोंडावर आनंद नाही. हा वाळत चाललाय आणि वर सैल विजारी मागतो, तसल्या डॉक्टर कुणाला घालायला सांगतात ते मला ठाऊक आहे. आणि आईस्क्रीम खालच्या कप्प्यात. एवढं कळायला काय लागतं?"

म्हणजे खरी तपासनीस या घरातच होती! आत्यांना हे जरा झोंबलं, पण तो वाद त्यांनी पुढे ढकलला.

"मग बोलला का नाहीत?" भाचेसुनेचा आवाज चिरकला. "आई, मी रोज आत रडत होते आणि तुम्ही टीव्ही..."

"तू रडतेस ते बाहेर ऐकू येतं ग," वहिनी म्हणाल्या. "हे बाहेर बसलेले. कधी शेजारीण आलेली. तुला लपवायचं होतं ना? म्हणून आवाज मोठा करत होते. मालिका कुठली बघतेय मी! त्यातलं कोण जिवंत आणि कोण मेलं तेसुद्धा मला ठाऊक नाही. आजही वाटलं, तू यायच्या आत डबा जागच्या जागी ठेवू, तुला कळणारसुद्धा नाही. तर तू लवकर आलीस आणि नेमकं वन्संनाच बोलावलंस. त्यांनी तर कुलूपच लावलं."

"अहो, मग मला सकाळीच सांगायचं!" आत्या म्हणाल्या. "मी काय परकी आहे?"

वहिनींनी दादांना कोपराने ढोसलं, तसे दादा पुढे आले.

"चिमे, तुला कसं सांगायचं? तुझं सगळं आम्हाला माहीत आहे. म्हटलं, उगाच जुनं उकरलं जाईल. तुला दुखेल."

आत्यांनी चष्मा काढला आणि पुसला. नीट पुसायला वेळ लागला.

"दुखतंच," त्या म्हणाल्या. "पण वेड्यांनो, सांगितलं नाहीत तर ते जास्त दुखतं."

६

क्लिनिकमधल्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, औषध थोडा वेळ बाहेर राहिलं असतं तरी बिघडलं नसतं, फक्त गोठता कामा नये. म्हणजे सकाळची धावपळ, पीठ, आग आणि पूर, सगळंच फुकट होतं. हे ऐकून दादा खो खो हसत सुटले. त्यांच्या हसण्याची लागण वहिनींना झाली, मग भाच्याला.

आठ वाजत आले. नवराबायको खोलीत गेली. दार लागलं आणि वहिनींनी सवयीने रिमोट उचलला. पडद्यावर दोन बायका एकमेकींच्या अंगावर ओरडू लागल्या आणि भिंत हलली.

दार पुन्हा उघडलं.

"आई," भाचेसून म्हणाली, "तो टीव्ही बंद करा. आणि आत या. ह्याचा हात थरथरतोय."

वहिनींनी रिमोट दादांच्या मांडीवर टाकला. जाताना मशीनवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, साबणाने हात धुतले आणि आत गेल्या. दार उघडंच राहिलं. बाहेर आत्या आणि दादा शेजारी शेजारी, कान देऊन बसले. टीव्ही बंद होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. वहिनी बोलत होत्या, शेजारच्या बाईने शिवायला टाकलेल्या आणि कधीच न नेलेल्या ब्लाउजबद्दल. मग भाचेसून मोठ्याने हसली.

"दुखलं का ग?" ती बाहेर आल्यावर आत्यांनी विचारलं.

"कळलंच नाही."

"टाका घालताना बोलत राहायचं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कापडाला कळत नाही."

परवा काय होणार, त्यानंतर काय होणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं. भाचेसून सासूला चिकटून सोफ्यावर बसली होती आणि भाच्याच्या कपाळावरच्या आठ्या निम्म्या तरी उतरल्या होत्या.

"डबा आता रिकामा झाला," दादा हळूच म्हणाले. "त्यात खरं आईस्क्रीम आणायला हरकत नाही ना?"

"नाही!" चौघं एका सुरात ओरडली.

"नाही म्हणजे हरकत नाही, की आणायचं नाही?"

तोवर आत्या जायला उठल्या. दाराशी थांबल्या, कमरेची किल्ली काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"आत्या, तुमची किल्ली राहिली," भाचेसून म्हणाली.

"दुसरी आहे शेजारणीकडे, ती घेईन. ही इथेच राहू दे. माझ्यापासून काही लपवायचं असलं, तर ही घेऊन खुशाल माझ्या फ्रिजात नेऊन ठेवा." त्या चपला घालून जिन्यावर आल्या आणि वळल्या. "आणि सांगायचं असलं तर बेल वाजवा. मी घरीच असते."